कुठली कॉन्फरन्स भारी, हे ठरवायचं कसं?

अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात; बिग टेन, एनसीएचसी, हॉकी ईस्ट, ईसीएसी, अटलांटिक ही त्यांतलीच नावं. बहुतेक सामने शुक्रवारी-शनिवारी रात्री असतात. हिवाळ्यात बॉस्टनला संध्याकाळी ७ ला सुरू होणारा सामना आपल्या नाशकात दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३० ला लागतो. सकाळी चहाबरोबर निकाल चाळून ‘बिग टेन भारी की एनसीएचसी?’ हा वाद घालायचा असेल, तर आधी कॉन्फरन्समधले आपापसातले सगळे सामने बाजूला काढा. हॉकी ईस्टचे दोन संघ भिडले की एक जिंकतो, एक हरतो. कॉन्फरन्सच्या खात्यात एक जमा, एक खर्च. हंगामभर कितीही खेळा, टक्केवारी ५० च राहते.

म्हणजे सगळी मदार दुसऱ्या कॉन्फरन्सच्या संघांशी होणाऱ्या सामन्यांवर. ते मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि नाताळाच्या आसपास होतात. त्यामुळे जानेवारीच्या मध्यापर्यंत कॉन्फरन्सचा भाव जवळजवळ ठरून गेलेला असतो.

कॉन्फरन्स सहा, म्हणून जोड्या पंधरा. प्रत्येक सामन्याची तारीख, रिंक (बर्फाचं मैदान) कुणाची, गोलफरक आणि ओव्हरटाइम एवढं वहीत मांडा. पिछाडीवरचा संघ शेवटी गोलरक्षक काढून घेतो, तेव्हा रिकाम्या नेटमध्ये मारलेले गोल वजा करा, नाहीतर शेवटच्या मिनिटापर्यंत अटीतटीचा चाललेला सामना कागदावर एकतर्फी दिसतो.

रिंकचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. समजा, एका कॉन्फरन्सने ४० पैकी २२ जिंकले, १४ हरले, ४ बरोबरीत सुटले. बरोबरीला अर्धा गुण धरला तर ६० टक्के. पण त्यातले २६ सामने घरच्या रिंकवर, तिथे १७ विजय, ६ पराभव, ३ बरोबरी: ७१ टक्के. परक्या रिंकवरच्या १४ मध्ये ५ विजय, ८ पराभव, १ बरोबरी: जेमतेम ३९. दोन्हींची सरासरी काढली की ५५ उरतात. अटलांटिकचे संघ मोठ्या विद्यापीठांकडे पाहुणे म्हणूनच जास्त जातात, त्यामुळे नुसत्या टक्केवारीत त्यांच्यावर अन्याय होतो.

ईसीएसीचं दुखणं वेगळं. तिच्या बारापैकी सहा संघ आयव्ही लीगचे (हार्वर्ड, येल अशा जुन्या नामवंत विद्यापीठांचा गट), आणि त्यांचा हंगाम इतरांपेक्षा काही आठवडे उशिरा सुरू होतो. त्यांचे सुरुवातीचे पराभव ताकदीपेक्षा सरावाच्या कमतरतेचे असू शकतात. ते वेगळ्या रंगाने लिहा.

नंतर प्रत्येक कॉन्फरन्सचा अव्वल संघ काढून तोच हिशोब पुन्हा करा. आकडा धाडकन खाली आला, तर ताकद एकाच संघाची होती. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत हे तपासताच येत नाही. तिथे नाशिक, नगर, पुणे शहर, पुणे जिल्हा असे निवडक संघ उतरतात. विभागातलं आठव्या क्रमांकाचं कॉलेज किती तयारीचं आहे, ते कळत नाही.

मार्च-एप्रिलमधल्या १६ संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीवरून तर निकाल देऊच नका. २०२३ च्या अंतिम सामन्यात क्विनिपिॲकने मिनेसोटाला ३-२ असं हरवलं, तेही ओव्हरटाइमच्या दहाव्या सेकंदाला. त्या एका गोलाने अख्खी ईसीएसी बिग टेनच्या वर जात नाही. २०१६ ते २०१९ अशी सलग चार विजेतेपदं एनसीएचसीच्या तीन वेगवेगळ्या संघांनी नेली, तो पुरावा मात्र वजनदार आहे.