पाऊस थांबला आणि पाणी वाढलं

रानाचा खडबडीतपणा वाहत्या पाण्याला किती अडवतो ते मोजायला सोलापूरकडच्या काळ्या रानात उताराचा एक तुकडा पत्रे रोवून बंदिस्त केला होता. वर तोट्यांतून कृत्रिम पाऊस, खाली पन्हाळ आणि त्रिकोणी खाच; खाचेतल्या पातळीवरून किती पाणी वाहतंय ते कळतं. खाचेजवळ मोजपट्टी बघत काका बसले होते. या कामात त्यांच्या नजरेवर माझा यंत्रापेक्षा जास्त भरवसा.

सकाळी आडवं वखरून घेतलं होतं. पाऊस सोडला तरी बराच वेळ पन्हाळ कोरडीच. पाणी ढेकळांमधल्या खळग्यांत साचत होतं, मुरत होतं. पण मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. ढेकळं विरत गेली, बारीक माती खळग्यांत बसली, भेगांची तोंडं बुजली. दुपारी रानावर गुळगुळीत पापुद्रा आला होता आणि वरून पाण्याचा जेमतेम काही मिलिमीटरचा पदर सरकत होता.

खाचेतली पातळी स्थिरावल्यावर मी झडप बंद केली. आता पाणी उतरणार, म्हणून वही उघडली, तोच काका ओरडले, "साहेब, पाऊस बंद केलाय न्हवं? पाणी वाढलंय की ओ!"

पातळी खरंच किंचित चढली, क्षणभर टिकली आणि मग घसरू लागली. अमेरिकेत इझार्ड या जलअभियंत्याने १९४०च्या दशकात डांबर-काँक्रीटवर हेच टिपलं होतं. मातीवर ते डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला.

कारण असं: थेंब वरून येतो, त्याला उताराच्या दिशेची गती जवळपास नसते. त्याला सोबत ओढताना पातळ पदराची गती खर्ची पडते. शिवाय प्रत्येक आघाताने पदर ढवळला जातो. पाऊस थांबला की हा लगाम सुटतो आणि रानावर साठलेलं पाणी वेगाने निघतं. ओघळीत पाणी खोल झालं की मात्र थेंबांचं फारसं चालत नाही.

म्हणजे पाऊस पडत असताना पाण्याला अडवतो आणि त्याच वेळी ढेकळं मोडून पुढच्या पाण्याची वाट मोकळी करतो. तरीही चर-बांधांचा हिशेब करताना मॅनिंगचा एकच गुणांक, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा पाण्याला किती अडवतो ते सांगणारा आकडा, तक्त्यातून उचलून अख्ख्या हंगामाला लावला जातो. मला ते मुळीच पटत नाही. पहिल्या जोरदार सरीआधीचं रान आणि नंतरचं रान एक नसतं. म्हणूनच वाफसा आला की पापुद्रा फोडायला आडवी कुळवणी हवी, असा माझा आग्रह असतो.

आता खडबडीतपणाच्या आकड्याशेजारी आम्ही आणखी दोन रकाने भरतो: वखरणीनंतर पडलेला एकूण पाऊस, आणि मोजताना पाऊस चालू होता की थांबलेला.