चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘हिमोलाइज्ड’

मे महिन्यात सोलापुरात सुकलेलं बाळ आलं की निदान आधीच तयार असतं: ऊन लागलं. बाहेर ४३ अंश, पत्र्याचं घर, अंगावर पिणारं लेकरू. अक्कलकोटकडच्या गावातून आलेला हा मुलगा १९ दिवसांचा होता. जन्माचं वजन ३ किलो, आता काट्यावर अडीच. चार दिवस ओकत होता. हातपाय गार, रक्तदाब टिकवायला डोपामिन चालू, तरी नाडी दोऱ्यासारखी. आधीच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘जंतुसंसर्ग’, त्याखाली ‘पायलोरिक स्टेनोसिस?’, आणि पोटॅशियम ८.४ या आकड्यापुढे पेनाने लिहिलेलं: ‘हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवा.’

शंका रास्त होती. टाच पिळून रक्त काढलं की तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे नमुना ‘हिमोलाइज्ड’ होतो, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा चढतो. पण त्याच कागदावर सोडियम ११४ होतं. पेशी फुटल्या म्हणून सोडियम इतकं उतरत नाही. पायलोरस, म्हणजे जठराचं खालचं तोंड, आवळलेलं बाळ ओकून पोटातलं आम्ल घालवतं. त्याचं रक्त अल्कलीकडे झुकतं, पोटॅशियम कमी होतं. इथे पीएच ७.१८, म्हणजे रक्त आम्लाकडे. सगळं उलटं.

दुसऱ्या नमुन्याची वाट न पाहता ईसीजी लावला. टी लाटा तंबूसारख्या उंच, क्यूआरएस रुंद. ही चढलेल्या पोटॅशियमची खूण, म्हणजे आकडा खरा. बोटभर पट्टीवर साखर ३४.

मनगटाजवळ आणखी एक शीर मिळाली. सलाइन जोडण्याआधी २ मिलि रक्त साध्या नळीत काढून ठेवलं, १७-ओएचपीसाठी. शंका अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजाराची, सीएएचची होती, आणि त्यात हे संप्रेरक फार चढतं. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडनंतर तो आकडा उतरतो, म्हणून आधी. रक्त आलं नसतं तर मात्र त्यासाठी अडून राहिलो नसतो.

मग १० टक्के डेक्स्ट्रोज ५ मिलि. कॅल्शियम ग्लुकोनेट २ मिलि, तितक्याच पाण्यात पातळ करून, मॉनिटरवर नजर ठेवत दहा मिनिटांत. ठोके मंदावले तर थांबायचं, शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. कॅल्शियम पोटॅशियम उतरवत नाही, हृदयाला तेवढा वेळ सांभाळतं. नॉर्मल सलाइन ५० मिलि. रेसिडेंटने पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन भरायला घेतलं होतं. ते खाली ठेवायला लावलं. साखर ३४ असताना इन्सुलिन म्हणजे पोटॅशियम उतरायच्या आत झटके. या आजारात पोटॅशियम उतरवणारं खरं औषध सलाइन आणि स्टेरॉइड.

हायड्रोकॉर्टिसोनची १०० मिग्रॅची कुपी २ मिलि पाण्यात विरघळवली, त्यातलं अर्धा मिलि, म्हणजे २५ मिग्रॅ, शिरेतून. नंतर दर सहा तासांनी ५ मिग्रॅ. कॅज्युअल्टीत डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडची, कुपी हाताशी असते आणि घाईत तीच उचलली जाते, पण डेक्सा मीठ धरून ठेवत नाही. या मात्रेतलं हायड्रोकॉर्टिसोन ते काम करतं, म्हणून पहिल्या दिवसांत मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन नसलं तरी अडत नाही. तसंही ते फक्त गोळीत मिळतं.

हे चालू असताना लंगोट सोडून पाहिलं. अंडकोशाची कातडी काळीभोर, स्तनाग्रंही, याच आजाराची खूण. आजी म्हणाली, “आमच्यात समदीच सावळी हैत की.” दोन्ही वृषणं हाताला लागली. हे तपासायचंच, कारण न लागल्यास तो ‘मुलगा’ याच आजाराची मुलगीही असू शकतो. या आजारात अ‍ॅड्रिनल ग्रंथीत २१-हायड्रॉक्सिलेज नसतं. ताण पेलणारं कॉर्टिसॉल आणि मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरोन बनत नाही, कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीचं जननेंद्रिय जन्मतःच वेगळं दिसतं, म्हणून ती सापडते. मुलगा ठणठणीत दिसून घरी जातो आणि मीठ झिरपत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोसळतो.

आईबापाचं लग्न नात्यातलं, मामाकडेच दिलेली. पहिलं बाळही मुलगाच, तेविसाव्या दिवशी “असंच ओकून” गेलेलं. त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं.

तासाभरात टी लाटा बसल्या, तिसऱ्या तासाला लघवी झाली, रात्री डोपामिन उतरवता आलं. पुढची सलाइन ८० मिलि डीएनएसमध्ये (डेक्स्ट्रोज घातलेलं सलाइन) ५० टक्के डेक्स्ट्रोज १० मिलि घालून, पोटॅशियम न मिसळता. सोडियमची मात्र घाई केली नाही: चोवीस तासांत ८ ते १०, त्याहून जास्त चढवलं तर मेंदूला इजा होते. दुसऱ्या सकाळी १२२. १७-ओएचपी चौथ्या दिवशी आलं, प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेपलीकडे.

घरी जाताना हायड्रोकॉर्टिसोनची गोळी कुटून तीन पुड्या, फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि दिवसाला १ ग्रॅम मीठ, दुधात वाटून. आजीचा सगळा विरोध मिठालाच. “एवढ्याशा लेकराला मीठ?” गोळीबद्दल ती काही बोलली नाही. ताप आला तर गोळी तिप्पट. उलटी होत असेल तर गोळीवर न थांबता मांडीत २५ मिग्रॅचं इंजेक्शन आणि मग दवाखाना. आई विड्या वळणारी, बोटं सराईत. मोसंबीवर तीनदा सुई टोचून दाखवली, चौथ्यांदा कुपी तिने स्वतः फोडली.