तिसरी, तीही फटीतली

डॉक्टरांच्या दवाखान्यातला मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, माझ्याकडे देखभालीला आहे. फोन आला, "नवीन कॉपरबँड मासा खातच नाहीये, पाणी तपासा." पाणी चोख होतं. खारेपणा योग्य (विशिष्ट गुरुत्व १.०२५), अमोनिया शून्य. मासा मात्र उपासमारीने खंगला होता. पोट आत, डोक्यामागचं मांस उतरलेलं.

रिसेप्शनवरच्या ताई नेमाने पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, टाकत होत्या. ते त्याच्या तोंडासमोरून खाली जायचे आणि बाकीचे मासे फस्त करायचे. कॉपरबँड बटरफ्लायचं तोंड लांब, निमुळतं. अंदमानच्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत तो दिवसभर फटी धुंडाळतो, आतले किडे, बारीक कवचधारी जीव टिपतो. वरून पडलेली गोळी त्याच्या लेखी खाणं नव्हेच. आणि विकणाऱ्याने बिनदिक्कत सांगितलेलं, "सगळं खातो!" गिऱ्हाइकासमोर मासा खाऊ घालून दाखवायला दोन मिनिटं लागतात. दाखवत नाहीत, कारण तिथेही तो खात नसतो.

पिपेटने फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) सोडले. एक उचलला, थुंकला. मग बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या. तोंड घट्ट मिटलेल्या तेवढ्याच निवडल्या, धुऊन रात्रभर फ्रीझरला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आधी नुसतं मांस सोडलं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक तिसरी बोटभर उघडून, फट बाहेर ठेवून लाइव्ह रॉकमध्ये (टँकमधल्या सच्छिद्र खडकात) पक्की बसवली.

तो आला. अंग तिरकं करून एका डोळ्याने पाहिलं, वळून दुसऱ्याने. तोंड शिंपल्यात घातलं, झटका दिला आणि मांसाचा धागा ओढून काढला. पुन्हा. पुन्हा. टँकमधला दुसरा मासा, पिवळा टँग, जवळ येताच पाठीचे काटे ताठ करून आडवा झाला. अन्नासाठी भांडणारा मासा जगतो, हा माझा अनुभव.

पण मांस तेच होतं ना? मग पुढच्या खेपेला रिकाम्या शिंपल्यात मायसिस भरले. थुंकलेलेच मायसिस त्याने वेचून खाल्ले. म्हणजे तो फट ओळखतो? की शिंपल्याला उरलेला वास? अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टर खूश. आता त्यांना शेव्हरॉन बटरफ्लाय हवाय. तो जवळजवळ सर्वस्वी अॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाच्या पॉलिपांवर (प्रवाळाच्या बारीक जीवांवर) जगतो, आणि आपल्याकडे २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे कडक संरक्षणात आहेत. त्याच्यापुढे तिसऱ्यांचा इलाज चालायचा नाही. "डॉक्टर, तो मी आणणार नाही, दुसऱ्याकडूनही घेऊ नका," असं सांगून आलोय.