एकास दहा हरिकेन

मंगळवार, रात्री

रिमोटवर उडणाऱ्या माझ्या मॉडेल विमानाचा नकाशा आज छापून आणला. दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या हॉकर हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा १२.१९ मीटर, म्हणजे एकास दहाच्या प्रमाणात माझ्याकडे १२१९ मिलिमीटर. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आराखड्यात, तीच रेष महिनोन्‌महिने बघतोय, पण पडद्यावर आकाराचा अंदाज येतच नाही. प्लॉटरवाल्याकडून रोलचा लांब कागद आणून हॉलमध्ये पसरला, सोफा सरकवला, आणि मगच विमान केवढं होणार ते नीट कळलं. लेक कागदावर आडवी झाली. एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाच्या बाहेर फक्त पावलं.

कंपनीतले मित्र विचारतात, तयार किट मिळतं की, मग एवढा खटाटोप कशाला? किट चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातले सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. कुठली रेष खऱ्या विमानाची ठेवायची, कुठली हवेसाठी बदलायची, कुठे दोन ग्रॅम खर्चायचे आणि कुठे वाचवायचे, हे सगळं मला स्वतः ठरवायचंय.

त्याच काळातलं जास्त गाजलेलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर, ते का नाही, हाही प्रश्न ठरलेलाच. स्पिटफायर देखणं आहे, पण १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईत, हरिकेनची संख्या जास्त होती आणि पाडलेल्या शत्रूविमानांतली निम्म्याहून अधिक हरिकेनच्या वैमानिकांच्या नावावर आहेत. सिडनी कॅम या अभियंत्याने आखलेलं हे विमान पहिल्यांदा उडालं ६ नोव्हेंबर १९३५ ला. पुढचा अर्धा भाग धातूचा, मागचा लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा. एक युग संपून दुसरं सुरू होत असताना बांधलेलं विमान आहे हे, आणि तो सांधा त्याच्या अंगावर उघड दिसतो. पाठीला कुबड, कारण वैमानिकाला पुढचं दिसावं म्हणून त्याला उंच बसवलाय. पोटाखाली रेडिएटर. मला हे रूप फार आवडतं.

आणखी एक कारण आहे. ते रंगाच्या वेळी लिहीन.

शुक्रवार

आज दिवसभर डोक्यात पंखाचा छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार. खऱ्या हरिकेनचा पंख मुळाशी भलता जाड, रुंदीच्या जवळजवळ एक पंचमांश. नकाशात तो तसाच लहान करून टाकणं अगदी सोपं आहे. पण विमान दहापट लहान केलं तरी हवा काही दहापट लहान होत नाही. आकार आणि वेग यांवरून हवा पंखावरून कशी वाहील ते सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स अंक. खऱ्या विमानाचा तो १ कोटीच्या वर, माझ्या मॉडेलचा दीड लाखाच्या आसपास. एवढ्या कमी अंकावर जाड छेदावरून हवा लवकर सुटते, ओढ वाढते आणि विमान वेग धरत नाही.

म्हणून मुळाशी १५ टक्के आणि टोकाशी ११ टक्के जाडी ठरवली. मुळाशी याहून पातळ केलं असतं तर उडायला आणखी बरं झालं असतं. पण समोरून बघितल्यावर तो दणकट पंख दिसला नाही तर हरिकेन कशाला म्हणायचं? १५ टक्क्यांत डोळाही राहतो आणि हवाही. शिवाय जाडीमुळे पंख आपोआप ताठ होतो, आत ६ मिलिमीटरची एकच कार्बन नळी पुरते.

टोकाला दोन अंशांचा पीळ दिलाय, वॉशआउट म्हणतात तो. वेग मेला तर आधी मुळाकडचा पंख हार मानेल, टोकं आणि त्यावरचे एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा, शेवटपर्यंत ऐकत राहतील. निमुळत्या पंखाच्या लढाऊ विमानाला हे हवंच. आडवी शेपटीही किंचित वाढवली. कागदावर चुकून कुणी पट्टी लावली तरच कळेल.

आपल्याकडच्या हवेचाही हिशेब मांडला. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. ३५ अंश तापमानात इथली हवा पुस्तकी हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ भरते, म्हणजे विमान तरंगत ठेवायला वेग ७ टक्के जास्त लागणार. पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर आणि वजन १ किलो धरलं तर ताशी ३० किलोमीटरच्या खाली ते उडणार नाही. परदेशी नकाशांवरचे वजनाचे आकडे आपण डोळे झाकून घेतो, तेव्हा ही उंची आणि हे ऊन कुणी धरत नाही. मराठवाड्यात विमान हलकंच बांधायला हवं.

रविवार

आज पंख कापला. या सगळ्या उद्योगातलं मला सगळ्यात प्रिय काम हेच.

माल वाळूजचा. छपराला उष्णतारोधक म्हणून बसवतात ते एक्सपीएसचे जाड तक्ते. एका शेडच्या कामातले उरलेले तुकडे ठेकेदाराने दिले. पांढऱ्या थर्मोकोलपेक्षा याचा कण बारीक, धार टिकते. नायक्रोमची बारीक तार बांबूच्या धनुकलीत ताणलेली, वीज जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, १२ व्होल्ट. कापायचे साचे सनमायकाचे. सुतार मित्राकडे तुकडे पडलेलेच असतात, आणि त्याच्या गुळगुळीत कडेवरून तार अडखळत नाही. काम गच्चीवर, कारण हा फोम वितळताना निघणारा धूर खोलीत कोंडून घेण्यासारखा नाही.

पंखाचा मधला भाग सरळ, तो सोपा. बाहेरचे दोन भाग निमुळते: मुळाशी २४ सेंटिमीटर, टोकाशी त्याच्या निम्मे. तार मात्र एकच, आणि दोन्ही टोकं एकाच वेळी पलीकडे पोचली पाहिजेत. म्हणजे माझ्या हातातलं टोक दुप्पट वाट चालणार आणि लेकीच्या हातातलं निम्म्या वेगाने सरकणार. दोन्ही साच्यांवर एक ते दहा खुणा केल्या. ती खुणेचा आकडा म्हणते, मी त्या आकड्यावर असलो पाहिजे. “तीन... बाबा, थांबा, मी अजून तीनवरच आहे... चार.”

यात एक बारकी गोष्ट आहे, ती नव्याने करणाऱ्याला कुणी सांगत नाही. हळू सरकणारी तार जास्त फोम जाळते. त्यामुळे साचे अचूक असले तरी टोकाकडचा छेद ठरल्यापेक्षा पातळ निघतो. टोकाचा साचा सगळीकडून अर्धा मिलिमीटर मोठा ठेवायचा, म्हणजे जळून बरोबर मापाला येतो. आणि घाई तर अजिबात नाही. ओढलं की तारेचा मधला भाग मागे राहतो आणि पुढच्या कडेला खड्डा पडतो, तो मग कितीही घासा, बुजत नाही. उष्णता बरोबर आहे की नाही ते मागे राहणाऱ्या धाग्यांवरून ओळखायचं. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे बारीक धागे लोंबले, की तार हवी तेवढी तापलीय.

दोन्ही पंख निघाले. पॉलिश पेपरचा हलका हात फिरवला. लेकीने टोकाकडून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, “पीळ दिसतोय.” तिला तो दिसला याचा आनंद पंखाच्या आनंदापेक्षा मोठा होता.

गुरुवार

फक्त वजनं. पंख नळीसह १८६ ग्रॅम. धड अजून उघडं, ११० च्या आत. शेपटीकडे जाणारा प्रत्येक ग्रॅम पुढे जवळजवळ तीन ग्रॅम मागतो, आणि हरिकेनचं नाक आखूड. म्हणून शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी, म्हणजे सर्वो, पुढे आणले, ढकलायला लांब कार्बन काड्या. बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच, थेट मोटारीच्या भिंतीला टेकेल अशी.

संक्रांतीनंतरचा शनिवार

मागच्या धडावरचं कापड झालं. खऱ्या विमानात पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी चौकटी, त्यावर उभ्या पट्ट्या आणि वरून डोप, म्हणजे कापड ताणून धरणारा लेप, लावलेलं कापड. पट्ट्यांच्या मधे कापड किंचित आत बसतं, आणि उन्हात त्या बारीक सावल्या उमटतात. त्या सावल्यांशिवाय हरिकेन अपुरं. फोमच्या कातडीवर दीड मिलिमीटरच्या पट्ट्या चिकटवल्या आणि वरून पतंगाचा पांढरा कागद, पाणी घातलेल्या फेविकॉलने. वाळताना कागद आपोआप ताणला आणि पट्ट्यांमधे बसला. संक्रांतीमुळे दुकानात ताव ढिगाने होते.

पट्ट्यांचं अंतर एका जुन्या विमानाच्या दुरुस्तीच्या छायाचित्रांवरून घेतलं. आर४११८ हे ब्रिटनच्या लढाईत लढलेलं हरिकेन पुढे भारतात आलं आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात वर्षानुवर्षं उघड्यावर उभं होतं. १९८२ मध्ये ते पीटर व्हॅचर या विमानवेड्या इंग्रजाच्या नजरेस पडलं. २००१ मध्ये ते इंग्लंडला नेलं गेलं आणि २००४ च्या डिसेंबरात पुन्हा उडालं. एवढी वर्षं उन्हापावसात राहिलेलं विमान परत उडतं, हे वाचल्यापासून मी या विमानाला सोडू शकलेलो नाही.

कॉकपिटची काच दोन लिटरच्या बाटलीची. लाकडी ठोकळ्यावर बाटली चढवून हीटगनने आवळली.

आता रंग. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, १९४४ मध्ये इंफाळला जपान्यांशी लढलेली हरिकेन, भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची. तिचं नेतृत्व तेव्हा स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग करत होते, त्यासाठी त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, आणि पुढे ते हवाई दलाचे मार्शल झाले. दुसरी, १९४० चं २५३ क्रमांकाचं स्क्वाड्रन. त्याचं पूर्ण नाव २५३ हैदराबाद स्टेट. निजामाच्या देणगीमुळे ते नाव मिळालं. ऑगस्ट अखेरीस ते केनलीच्या तळावर आलं आणि लंडनच्या दक्षिणेच्या आकाशात लढलं. विमानांवर अक्षरं एसडब्ल्यू. आपला सगळा मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता.

मी दुसरी वाट घेतली. गावाहून आबा आले होते, ते ब्रशकडे बघत बसले.

“हे कुणाचं इमान म्हणालास?”

“इंग्रजांचं, आबा. पण तुकडीला नाव हैदराबाद संस्थानाचं. निजामानं पैसे दिले होते.”

“निजामानं कुठून दिले? सारा आपल्या बापजाद्यांनी भरला.”

“म्हणूनच ही अक्षरं काढायलोय.”

माझे आजोबा रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तेव्हा ते चालत घरी आले. निजामाच्या औदार्याचं कौतुक मी त्या घरात राहून करू शकत नाही, करायचंही नाही. पण बीड, परभणी, नांदेडच्या काळ्या रानातून गेलेला पैसा त्या आकाशात होता, आणि तो देणाऱ्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. दोन राखाडी अक्षरांत तेवढं तरी राहावं.

आबा म्हणाले, “मग नीट काढ. वाकडी नको दिसायला.”

वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली फिकट हिरवट आभाळी. सगळे रंग पाण्याचे, कारण बाजारातल्या स्प्रेमधलं थिनर फोम खातं.

माघ, रविवार

उडालं.

पैठण तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेरचा मुरमाड माळ. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे उडवायला मोकळा भाग, बघून घेतला होता. विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं, हा नियमही आहे आणि शहाणपणही. आजूबाजूला ज्वारी उभी, वारा अजून उठलेला नव्हता. एकूण वजन १०४० ग्रॅम. गुरुत्वमध्य सरासरी रुंदीच्या २७ टक्क्यांवर.

पुतण्याने हातातून सोडलं. मोटारीच्या पिळाने विमान डावीकडे कलायला बघतं, म्हणून मोटार आधीच थोडी उजवीकडे वळवून बसवली होती. तरी एलेरॉनचे दोन टिचके द्यावे लागले. मग ते चढत गेलं. उन्हाकडे वळल्यावर पाठीचं कुबड आणि जाड पंख एकदम ओळखू आले. आबांनी कपाळावर हात धरून बघितलं आणि “उजवीकडं घे, झाडाकडं जायलंय” अशी सूचनाही केली.

उंच नेऊन मोटार बंद केली आणि एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप, ओढत राहिलो. याच क्षणासाठी तो दोन अंशांचा पीळ होता. वेग मेला, नाक सरळ खाली गेलं, पंख एकही पडला नाही. मुद्दाम पुन्हा केलं, पुन्हा तसंच. खाली येताना वेग राखून आलो आणि कुसळी गवतावर पोटावर उतरवलं. रेडिएटरचा रंग थोडा खरवडला, तेवढंच.

एलिव्हेटरची हालचाल कमी करायचीय, नाक फार चटकन उठतं. शेपटीचा वाढवलेला भाग आहे तसाच राहू दे. जालन्याच्या एका मुलाने नकाशा मागितलाय, त्याला आज रात्री पाठवतो. टोकाच्या साच्याचा तो वाढीव अर्धा मिलिमीटर लाल शाईने लिहून. रंग त्याचा त्याने ठरवावा. अर्जनसिंगांच्या स्क्वाड्रनचं करणार असशील तर पंखावरच्या आणि धडावरच्या गोल खुणेतला लाल रंग काढून टाक, असं त्याला कळवायचंय. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तिथल्या आपल्या विमानांवर फक्त निळ्याच्या दोन छटा असायच्या.