येसचं नाव गडग्यापलीकडे राहिलं

चतुर्थीच्या आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढणं हे माझं दरवर्षीचं ठरलेलं काम, समया, तांब्याची भांडी, गणपतीच्या वर बांधायच्या माटवीच्या दोऱ्या सगळं त्यातच असतं. यावर्षी तळाशी एक कॅसेट निघाली. टीडीके कंपनीची नव्वद मिनिटांची, आणि वर निळ्या बॉलपेनने काकांच्या अक्षरात नुसतंच "ए बी डब्ल्यू एच". आईला वाटलं एलआयसीचं काहीतरी असेल, ती म्हणाली जपून ठेव, पावती असली तर.

काका जहाजावर होते. परत येताना प्रत्येक वेळी साबण, परफ्यूम आणि कॅसेटी. नंतर आमच्या घरात जे प्रत्येक घरात होतं ते झालं, वाटप, मोजणी, तलाठ्याकडे खेपा, आणि मध्ये एक चिऱ्याचा गडगा उभा राहिला. काकांचं घर गडग्याच्या पलीकडे, ट्रंक मात्र आमच्याकडे राहिली कारण ट्रंक कोणाची यावर कोणी भांडलंच नाही.

तर ए बी डब्ल्यू एच म्हणजे अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन, हाऊ. वाचायला वकिलाच्या ऑफिसबाहेरची पाटी वाटते आणि खरं तर प्रकरण वकिलांपर्यंत गेलंही होतं. येस हा १९६८ साली लंडनमध्ये जॉन अँडरसन आणि ख्रिस स्क्वायरने सुरू केलेला बँड, प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की ही मंडळी अठरा मिनिटांचं एक गाणं करून रेकॉर्डची अख्खी एक बाजू भरायची आणि लोक ते आवडीने विकत घ्यायचे. १९७१-७२ ची जी लाईनअप सगळ्यात भारी समजतात त्यात पाच जण, अँडरसन गायला, स्टीव्ह हाऊ गिटारला, रिक वेकमन कीबोर्डला, बिल ब्रुफर्ड ड्रम्सवर आणि बेसला स्क्वायर. पुढे माणसं आली, गेली, बँड मोडला, परत उभा राहिला, १९८३ मध्ये ट्रेव्हर रॅबिन नावाचा नवीन गिटारवाला घेऊन त्यांनी एकदम चकचकीत पॉपकडे वळलेला अल्बम काढला आणि त्यातलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. पैसे आले, जुने चाहते नाराज झाले, आणि १९८८ मध्ये अँडरसन स्वतःच बाहेर पडला. बाहेर पडून केलं काय तर जुन्या पाचातले तिघे गोळा केले. म्हणजे पाचातले चार इकडे. पण येस हे नाव तिकडे, स्क्वायर आणि मंडळींकडे. १९८९ मध्ये या चौघांचा अल्बम आला तो चार आडनावांनी, कारण दुसरं काही लावताच येत नव्हतं. टूर काढली तर "ॲन इव्हिनिंग ऑफ येस म्युझिक प्लस" असं नाव दिलं, त्यावरूनही तिकडच्यांनी कोर्टात खेचलं.

हे सगळं मी बाबांना अळू चिरता चिरता सांगत होतो. मला वाटलं होतं की समजवायला वेळ लागेल, पण बाबांनी मध्येच थांबवून एकच प्रश्न विचारला.

"मगे गणपती कोणाकडे रवलो?"

म्हटलं स्क्वायरकडे. "मगे ह्ये कसले येस," म्हणाले आणि विषय संपला. एकही सूर न ऐकता! आणि हे मी हसण्यासारखी गोष्ट म्हणून सांगत नाहीये, कारण जगभरच्या येसच्या चाहत्यांनी गेली पस्तीस वर्षं नेमकं हेच केलंय. निम्मे म्हणतात चार जण जिथे तिथे येस, निम्मे म्हणतात स्क्वायर जिथे तिथे येस, तोच तर एकटा सुरुवातीपासून कधी घर सोडून गेला नाही. गाणी कशी आहेत हा प्रश्न नंतर.

मी स्वतः कॉलेजात असताना कट्टर चौघांच्या बाजूचा होतो. कोल्हापूरला होस्टेलवर एका मित्राच्या एमपीथ्री सीडीवर हा अल्बम ऐकला आणि वाटलं की हेच खरं, तिकडे रॅबिनवाले बाजारू झाले आणि इकडे जुनं सोनं परत आलं. आता वीसेक वर्षांनी, बेल्ट बदलून आणलेल्या टू-इन-वनवर तीच गाणी ऐकताना मला काय वाटलं ते खाली येईलच.

कॅसेटीला बुरशी लागली होती, कोकणात न लागली तर नवल, चतुर्थीच्या तिसऱ्या रात्री भजन आटपल्यावर स्पिरिट आणि कापूस घेऊन हेड पुसला, पेन्सिल घालून टेप दोनदा पूर्ण गुंडाळली आणि पडवीत लावली. बसलेले कोण कोण, तर मुंबईची आत्या, डोंबिवलीचा भाचा जो फोनमधून मान वर काढत नव्हता, कुडाळच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा माझा मित्र, बाबा झोपाळ्यावर, आणि दादू. दादू म्हणजे गडग्यापलीकडच्या काकांचा मुलगा. मोठ्यांचं बोलणं बंद आहे पण दादू भजनाला पखवाज घेऊन दरवर्षी आमच्याकडे येतो, त्याच्याशिवाय आमचं भजन म्हणजे नुसता आरडाओरडा.

पहिली प्रतिक्रिया आत्याची. अँडरसनचा आवाज सुरू झाला आणि ती म्हणाली, "बाई छान गातेय." सांगितलं बाप्या आहे, तर म्हणाली असू दे, छान गातोय. मला विचाराल तर त्या माणसाबद्दलचं सगळ्यात प्रामाणिक मत हेच. आवाज इतका उंच आणि स्वच्छ की शब्दांचा अर्थ लागत नाही याचं काही वाटत नाही, आणि शब्दांचा अर्थ तसाही कोणालाच लागत नाही.

दादूचं लक्ष सगळं ड्रम्सवर. ब्रुफर्ड म्हणजे माझा देव, १९७२ चा अल्बम करून येस ऐन भरात असताना तो किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेलेला माणूस, पण इथे तो इलेक्ट्रॉनिक ड्रम्स वाजवतोय. दादू दोन मिनिटं मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसला आणि मग म्हणाला, "हात बरो हा मेल्याचो, पण कातडा खंय?" यावर मी काय बोलणार. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून आवाज जमेपर्यंत अर्धा तास थापट्या मारत बसणाऱ्या माणसाला रबराच्या पॅडवरचा तो टपटप आवाज पटणारच नाही. त्या काळी बऱ्याच जुन्या चाहत्यांची तक्रार हीच होती, की वाजवणारे १९७२ चे आणि आवाज १९८९ चा, सगळं कसं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळल्यासारखं. मला कॉलेजात ही तक्रार म्हणजे किरकिर वाटायची, आता पटते.

बेसवाला मित्र तर आधीपासून तोंड वाकडं करूनच बसला होता. तो स्क्वायर पंथाचा. इथे बेसला टोनी लेव्हिन आहे, म्हणजे जगातल्या मोठ्या बेसवाल्यांपैकी एक, एका ओळीचीही चूक काढता येणार नाही, पण मित्राचं म्हणणं असं की स्क्वायर बेस वाजवायचाच नाही, तो त्या रिकनबॅकर बेस गिटारवर वर चढून गिटारशी भांडायचा, आणि येसच्या गाण्यात जी खुमखुमी आहे ती त्या भांडणाची. इथे सगळे एकमेकांना वाट देतायत. "सगळे पाहुण्यांसारखे वाजवतायत रे," म्हणाला. मी वाद घातला, घालायचा म्हणून. पण त्यानंतर मला तेच ऐकू यायला लागलं. हाऊची गिटार मोकळी सुटते, वेकमनचा कीबोर्ड धबधब्यासारखा येतो, आणि खालून कोणी ढकलणारा नाही. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल, समोरचा बुवा नसला की गजर कितीही चांगला असो, त्याला धार येत नाही.

मग आलं "ब्रदर ऑफ माइन". दहा मिनिटांचं, तीन भागांचं, या अल्बमचं मुख्य गाणं, आणि माझ्या मते खरोखर चांगलं, हाऊ शेवटाकडे जो सुटतो ते ऐकून अजूनही अंगावर काटा येतो. भाच्याने फोनमधून पहिल्यांदाच मान वर काढली आणि विचारलं म्हणजे काय, तर सांगितलं "भावा माझ्या". आणि त्यातल्या एका भागाचं नावच मुळी आपल्या दोघांच्या मध्ये काही येऊ शकत नाही अशा अर्थाचं आहे! इकडे हे गाणं बाजारात आणि तिकडे नावावरून वकिलांची पत्रं. बाबा झोपाळ्यावरून इतक्या मोठ्याने हसले की आई आतून बघायला आली. म्हणाले हे आमच्याकडचेच दिसतायत.

एक गंमत अजून राहिली. या अल्बमात "टीकबॉईस" म्हणून एक गाणं आहे, कॅलिप्सोच्या, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या गाण्यांच्या ढंगाचं, नाचरं, आणि येसचे चाहते त्याला जेवढ्या शिव्या देतात तेवढ्या क्वचितच कशाला दिल्या असतील. अनेक जण ते नेहमी पुढे ढकलतात, मीही सीडीवर ढकलायचो. कॅसेटीवर ढकलणं कटकटीचं म्हणून चालू राहू दिलं तर आमच्या पडवीत सगळ्यात जास्त तेच चाललं. आत्या मान डोलवायला लागली, दादूने पखवाज पुढे ओढला, आणि अख्ख्या रात्रीत पहिल्यांदा त्याला सम सापडल्यासारखं वाटलं. मित्र म्हणाला हे तर गोव्याच्या लग्नात वाजवतो तसलंच आहे. अल्बमचं बरंचसं रेकॉर्डिंग कॅरिबियनमधल्या मॉन्सेरात बेटावर झालंय, बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन, त्याने तिथे १९७९ मध्ये एअर स्टुडिओ थाटला होता, म्हणजे हे लोक समोर समुद्र बघत बसले होते, नारळाची झाडं होती, आणि मग असलं काहीतरी सुचणारच. लंडनच्या चाहत्याला ते परकं वाटलं असेल, आम्हाला कशाला वाटेल? अल्बम १९८९ च्या जूनमध्ये आला आणि सप्टेंबरात ह्युगो चक्रीवादळाने त्या बेटाचं पार वाटोळं केलं, स्टुडिओ परत कधी उभा राहिलाच नाही. हे सांगितल्यावर पडवी जरा गप्प झाली. २०२१ च्या तौक्ते वादळात आमची मागची अख्खी कौलं उडाली होती आणि किती दिवस लाईट नव्हती ते आत्या सोडून सगळ्यांनी भोगलंय.

पुढचं काय झालं ते भाच्यानेच विचारलं. पुढे दोन्ही घरं एकत्र आली की. १९९१ मध्ये "युनियन" नावाचा अल्बम, आणि टूरला आठ जण एकाच गोल स्टेजवर. ऐकायला किती छान, पण अल्बम असा झाला की बाहेरचे भाडोत्री वादक आणून भरणा केला होता, वेकमन त्याला "अनियन" म्हणायचा, कांदा, ऐकलं की डोळ्यात पाणी येतं म्हणून. स्टेजवर मात्र लोक खूष होते, आठही जण बघायला मिळतात म्हटल्यावर. आमच्याकडे लग्नात सगळे भाऊ एका फोटोत उभे राहतात ना, तसं. नंतर परत पांगले. स्क्वायर २०१५ मध्ये गेला, आणि मग २०१६ पासून काही वर्षं अँडरसन, रॅबिन आणि वेकमन एका बाजूला आणि हाऊ दुसऱ्या बाजूला, पुन्हा दोन येस! ज्या रॅबिनच्या वेळच्या गाण्यांना कंटाळून अँडरसन बाहेर पडला होता त्याच्याचबरोबर. आणि हाऊ, जो १९८९ मध्ये नावाशिवाय होता, त्याच्याकडे आता नाव. बाबा म्हणाले, "आमचा प्रकरण तरी सिव्हिल कोर्टात एकाच बाजून पडान हा."

माझं स्वतःचं मत विचाराल तर अल्बम अर्धा चांगला आहे. जिथे ते जुनी आठवण काढतात तिथे फार सुंदर, जिथे नवीन काही करू बघतात तिथे जरा उसनं, अपवाद त्या बदनाम टीकबॉईसचा, ज्याच्याबाबतीत मी पडवीच्या बाजूने आहे. आणि चौघांकडे येस होतं की नव्हतं यावर मी आता भांडणार नाही, पण स्क्वायर नव्हता हे ऐकू येतं, कॉलेजात येत नव्हतं.

अल्बम तासाभराचा आणि कॅसेट नव्वदची, त्यामुळे शेवटचं शांत गाणं संपलं तेव्हा टेप अजून बरीच उरली होती. बंद करायला उठलो तर खर्र आवाज झाला आणि एकदम टाळ-झांजा सुरू. आमचंच घर. काकांनी उरलेल्या टेपवर कुठल्यातरी चतुर्थीचं भजन भरून ठेवलं होतं, गडग्याच्या आधीचं, म्हणजे दोघे भाऊ एकाच पडवीत. बाबा झोपाळ्यावरून खाली उतरून टू-इन-वनच्या जवळ येऊन बसले. आजीचा आवाज मध्येच, सेल जातले बंद कर म्हणून. गजर चांगलाच रंगला होता फक्त एक झांज सारखी अर्ध्या मात्रेने मागे पडत होती.

बाबा म्हणाले ती झांज तुझ्या काकाची, त्याला आयुष्यात ताल कळला नाही. दादूने डोळे मिटून परत ऐकलं, मला मागे घ्यायला लावून आणखी एकदा ऐकलं, आणि म्हणाला,

"माझो बापूस गाता हा, ऐक मरे. झांज तुमची."

बाबा काही बोलले नाहीत. पंप चालू राहिलाय वाटतं म्हणून बघायला गेले.

पंप दुपारपासून बंद होता.