टॅगार्ट गेला, पाटी तशीच

रविवार, रात्री उशिरा

सध्या जेवणं आटपली की रोज टॅगार्ट लावते. ग्लासगोतली जुनी पोलीस मालिका, स्कॉटिश टेलिव्हिजनची. १९८३ मध्ये 'किलर' नावाने तीन भाग आले, ते लोकांना आवडले आणि १९८५ पासून रीतसर सिरीज सुरू झाली ती थेट २०१० पर्यंत. अ‍ॅक्सेंट इतका जाड की सबटायटल्स लावल्याशिवाय मला धड एक वाक्य कळत नाही. नवऱ्याने दोन मिनिटं बघितलं, "हे इंग्रजी आहे?" म्हणाला आणि गेला झोपायला.

पण डोक्यात घोळतोय तो लिहिणारा. ग्लेन चँडलर. जन्म १९४९ चा, एडिनबराचा, म्हणजे ग्लासगोवाल्यांच्या दृष्टीने बाहेरचाच की, कारण ही दोन शहरं एकमेकांना किती पाण्यात बघतात ते सगळ्यांना माहितीये. सुरुवातीला लंडनमध्ये छोट्या थिएटरसाठी नाटकं लिहिली, बीबीसी रेडिओ आणि टीव्हीसाठी लिहिलं, आणि मग हे टॅगार्ट. पात्रांची नावं म्हणे त्याने ग्लासगोच्या मेरीहिल भागातल्या कबरस्तानात फिरून दगडांवरून उचलली. हे वाचलं आणि आधी हसू आलं, मग म्हटलं बरोबरच आहे, खुनाच्या गोष्टीला नावं अजून कुठे शोधणार.

टॅगार्ट म्हणजे मालिकेतला पोलीस इन्स्पेक्टर, चिडका, तिरकस, बायको जीन व्हीलचेअरवर पण त्याच्यापेक्षा खंबीर, आणि हाताखाली लिव्हिंगस्टन नावाचा शिकलेला पोरगा, तोही एडिनबराकडचा! टॅगार्ट त्याच्या डिग्रीवरून टोमणे मारत राहतो. मला वाटतं चँडलरने स्वतःलाच त्या पोराच्या जागी उभं करून ग्लासगोकडून शिव्या खाऊन घेतल्या. पुरावा काही नाही, माझा आपला अंदाज. आणि तो डायलॉग, आपल्याकडे प्रद्युम्नचं 'कुछ तो गडबड है' तसं तिकडे 'देअर्स बीन अ मर्डर', मर्डरमधला र चांगला घोळवून.

मग १९९४ च्या जूनमध्ये मार्क मॅकमॅनस, म्हणजे टॅगार्ट करणारा नट, वारला. दुसरीकडे कुठे मालिका तिथेच बंद पडली असती, इथे नाव तेच ठेवून पुढे सोळा वर्षं चालली! आजोबा जाऊन जमाना झाला तरी दुकानावर पाटी त्यांच्याच नावाची असते ना, तसं. नवीन प्रेक्षक विचारत असतील, यातला टॅगार्ट कोण रे. आधीपासून हाताखाली असलेला जार्डिन मुख्य झाला, पोलिसातली जॅकी रीड होती (नटी ब्लाइथ डफ, माझी सगळ्यात आवडती), २००२ मध्ये अ‍ॅलेक्स नॉर्टन मुख्य इन्स्पेक्टर झाला, आणि गंमत म्हणजे हाच माणूस १९८६ च्या एका गोष्टीत संशयित खाटीक होता. मी तो भाग नंतर बघितला त्यामुळे सुरी हातात घेऊन साहेब काय करतायत असं झालं. खरं सांगायचं तर शेवटचे सीझन मला पाणचट वाटतात. सुरुवातीला चँडलर तीन-तीन भागांत एक गोष्ट सावकाश शिजवायचा, नंतर एका तासात खून, चार संशयित, अटक, संपलं.

चँडलर मात्र पुढे खऱ्या खुन्यांकडे वळला. २००२ चं 'ए इज फॉर अ‍ॅसिड' हे टीव्हीवरचं नाटक त्याचंच, जॉन हेग या माणसावर. हा हेग मृतदेह अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा, कारण त्याची पक्की समजूत की बॉडीच नसेल तर खून सिद्ध होत नाही. पण त्याने मारलेल्या एका म्हातारीची कवळी आणि पित्ताशयातले खडे काही विरघळले नाहीत, आणि फाशी झाली १९४९ मध्ये, म्हणजे चँडलर जन्मला त्याच वर्षी. दुसऱ्या वर्षी 'द ब्राइड्स इन द बाथ', जॉर्ज स्मिथवर, ज्याने तीन बायकांना लग्न करून बाथटबमध्ये बुडवून मारलं. शेवटचीच्या वेळी घरमालकिणीला आधी वरून पाण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने खालच्या खोलीत हा हार्मोनियम वाजवताना ऐकू आला, तिने कोर्टात तसं सांगितलं. इन्स्पेक्टरने तर पोहणाऱ्या एका बाईला टबमध्ये बसवून अचानक पाय ओढून बघितले, ती बिचारी खरंच बेशुद्ध पडली, शुद्धीवर आणावं लागलं. दोन्हीकडे खुनी मार्टिन क्लून्स, एरवी हसवणारा नट.

ही निवड चँडलरच्या हाताची वाटते. टॅगार्टमधले त्याचे खुनीसुद्धा असेच, शेजारी बसून चहा पितील असे सभ्य, त्यामुळे अंगावर काटा येतो तो रक्ताने नाही, त्यांच्या नीटनेटकेपणाने.

नंतर त्याने ब्रायटनच्या एका इन्स्पेक्टरवर कादंबऱ्या लिहिल्या आणि परत नाटकांकडे गेला, स्वतःची छोटी कंपनी काढून. एवढी चाललेली मालिका पदरात असताना परत छोट्या स्टेजवर, हे मला जाम आवडलं. टॅगार्टचं नाव ग्लासगोत कुणालाही विचारा, चँडलरचं किती जण सांगतील शंकाच आहे, मीसुद्धा इतके दिवस टायटल्स पळवतच बघत होते.

उद्या १९८६ चाच दुसरा एक भाग राहिलाय तो लावते. नवऱ्याला आधी गोष्ट मराठीत सांगून ठेवायची, म्हणजे बसेल तरी.