हर्मियाचे वडील लग्नाला आले होते का?

एम.ए.ला शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ अभ्यासताना माझे सारे लक्ष रानातल्या पऱ्यांकडे होते. यंदा लेकीला तेच नाटक अभ्यासाला लागले, म्हणून तिच्यासोबत पुन्हा वाचायला बसले आणि या वेळी मन अडकले ते हर्मियाच्या वडिलांपाशी.

हे वडील, एजिअस, अथेन्सचा ड्यूक थीसिअस याच्या दरबारात येतात तो पोटच्या मुलीविरुद्ध फिर्याद घेऊन. तिच्या प्रियकराने, लायसँडरने, केसांची कंकणे, अंगठ्या, फुलांचे गुच्छ, मिठाई देऊन तिला भुलवले, असे एकेक वस्तू मोजून तो सांगतो. मुलगी माझी आहे, ती डिमिट्रियसलाच देईन, नाहीतर अथेन्सच्या जुन्या कायद्याप्रमाणे तिला मरण द्यावे, अशी त्याची मागणी आहे. लायसँडर कुळाने आणि संपत्तीने डिमिट्रियसच्याच तोलामोलाचा असल्याने स्थळात खोट काढायलाही जागा नाही. वडिलांनी माझ्या डोळ्यांनी पाहिले असते तर, असे हर्मिया म्हणते, तेव्हा उलट तुझ्याच डोळ्यांनी त्यांच्या विवेकाने पाहायला हवे, असे थीसिअस तिला सुनावतो.

वडिलांचे मन शेवटपर्यंत वळत नाही, हे मी तेव्हा नीट वाचलेच नव्हते. चौथ्या अंकात पळून गेलेले प्रेमिक रानात सापडतात, तेव्हाही एजिअस कायद्याचाच धोशा लावतो. पण डोळ्यांत पऱ्यांच्या जादूच्या फुलाचा रस असलेला डिमिट्रियस आता त्याच्यावर जीव टाकणाऱ्या हेलेनाचा झालेला असतो, आणि थीसिअस एजिअसचा शब्द बाजूला सारून लग्ने ठरवतो. त्यावर एजिअस काय म्हणाला, हे नाटककाराने लिहिलेलेच नाही.

पुढचे छापील प्रतीवर अवलंबून आहे. १६०० सालच्या प्रतीत पाचव्या अंकात, म्हणजे लग्नाच्या समारंभात, एजिअस येतच नाही. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात, मात्र दरबारच्या करमणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या फिलोस्ट्रेटचे बहुतेक संवाद एजिअसच्या तोंडी आहेत. करमणुकीच्या खेळांची यादी तो पुढे करतो आणि ती वाचून दाखवतो लायसँडर. लेकीच्या मते असा बाप लग्नाला आलाच नसता. मला फोलिओच जवळचा वाटतो, कारण त्या दालनात पिरॅमस आणि थिस्बी या भिंतीआड दुरावलेल्या प्रेमिकांचा खेळ होतो आणि त्यांच्या वडिलांमधली भिंत आता पडली आहे, असे पिरॅमस झालेला बॉटम शेवटी सांगतो. त्या वेळी एजिअस तिथे असायला हवा. हर्मियाही तिथेच असते; संपूर्ण पाचव्या अंकात तिला एकही वाक्य नाही.